चौदा पायऱ्यांची पुडी

“त्याला कालेजात घालू नगंस, सूनबाई. त्यो दुकानात बसलाय तवर शाना हाय.”

हा इशारा गोजाबाईंनी १९५५ सालच्या जून महिन्यात, रहाटणीच्या घराच्या ओट्यावर, तांदूळ निवडता निवडता दिला. सूनबाई, म्हणजे सुमन, पुण्याला शिकून बी.ए. झालेली होती. तिने सासूबाईंचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, सुशिक्षित माणसाने वडीलधाऱ्यांचं ऐकून घ्यायलाच हवं असं स्वतःला बजावलं, आणि तांदूळ धुवायला घेऊन गेली.

सुमनला काळजीचं अंग होतं. आठ महिन्यांच्या बेबीचं पाणी ती दोनदा उकळायची, आणि ते निवेपर्यंत त्यात काही पडत तर नाही ना म्हणून शेजारी बसून राहायची. बेबी झोपली की श्वास चालू आहे का बघायची, जागी झाली की ही झोपत का नाही म्हणून बघायची. यजमान अर्जुनराव पिंपरीच्या नव्या औषधांच्या फॅक्टरीत शिफ्टला जात. त्यांना घरी काळजी वाटून घ्यायला सवड नसे. त्यामुळे बेबीची काळजी करून जी काही काळजी उरे, ती सुमन आपल्या दिराला देत असे.

दीर ज्योतीराम वीस वर्षांचा, मॅट्रिक पास. वडिलांच्या मागे पिंपरीच्या बाजारगल्लीतलं किराणा दुकान तोच चालवत होता. चालवत होता म्हणजे, पायरीवर चप्पल वाजली की कोण आलंय आणि काय न्यायला आलंय हे त्याला मान वर न करता कळायचं. फॅक्टरीतले कामगार साताऱ्याकडून, नगरकडून, पार मराठवाड्यातून आलेले. त्यांच्या बायकांना अजून स्टेशनचा रस्ता धड ठाऊक नव्हता, पण कोणाच्या घरी बाजरी खातात आणि कोणाच्या घरी बाजरीने पोट दुखतं, हे ज्योतीरामला ठाऊक होतं. चार दिवस कोणी फिरकलं नाही तर तो दुकानाला फळी लावून त्यांच्या दारात जाऊन यायचा. बेबीने गुळाच्या खड्यासाठी हात पुढे केला तेव्हा “वहिनी, हिला दात येत्यात” असं त्याने सांगितलं होतं. सुमनला ते दोन दिवसांनी दिसले. आणि पुडी तर तो अशी बांधायचा की बोलता बोलता कागद वळे, दोरा फिरे, आणि पुडी हातात पडल्यावरच गिऱ्हाइकाला कळे की बांधून झाली.

दुसरी एखादी भावजय हे बघून निर्धास्त झाली असती. सुमनला याच्यातच धोका दिसला.

“भाऊजी, हे सगळं तुम्ही शिकलात कुठे?”

“शिकलो कुठं, वहिनी? येतं.”

“तेच म्हणते मी. इथे उद्या कंपन्या येणार, निगडीपासून चाकणपर्यंत कारखाने होणार म्हणतात. कुणी विचारलं, तुमच्याकडे दाखला आहे का, तर काय सांगाल?”

“कशाचा दाखला?”

“येतं, याचा.”

ज्योतीरामने यावर विचार केला. आपल्याला जे येतं ते कुठेही लिहून ठेवलेलं नाही, ही गोष्ट त्याच्या आजवर ध्यानात आली नव्हती. त्या रात्री त्याला झोप आली, पण नेहमीच्या कुशीवर आली नाही.

चिंचवडच्या पुढे एका जुन्या गुळाच्या गोदामात ‘मावळ व्यापारविद्या महाविद्यालय (नियोजित)’ गेल्याच साली सुरू झालं होतं. ‘नियोजित’ हा शब्द फलकावर पक्क्या रंगात लिहिलेला होता आणि महाविद्यालय रोज भरत होतं. भिंतींतून अजून मुंग्या निघत. त्यांच्यासाठी वेगळी नियमावली नव्हती, एवढीच काय ती त्या संस्थेत उणीव. सुमनने माहितीपत्रक आणवलं, बेबीला मांडीवर घेतलं आणि बी.कॉम.च्या प्रवेशाच्या अटी पेन्सिलीने खुणा करत वाचल्या. उमेदवार मॅट्रिकला गणित घेऊन उत्तीर्ण असावा. तो होता. उमेदवाराची प्रकृती बाकावर सलग पाच तास बसण्याइतकी सुदृढ असावी. होती. तिसरी अट अशी होती: ‘उमेदवार व्यापाराविषयी पूर्वग्रहमुक्त असावा, म्हणजेच त्याने वा त्याच्या एकत्र कुटुंबातील कोणीही व्यापार करीत नसावे.’

सुमनने ती तीनदा वाचली. मग छपाईची चूक असेल अशी स्वतःची समजूत घालून, बेबीला कडेवर घेऊन ती स्वतःच कचेरीत गेली.

कचेरीत सोपानराव नावाचे कारकून होते. त्यांच्यासमोर टेबल होतं, आणि पलीकडच्या भिंतीशी आणखी एक रिकामं टेबल होतं.

“छपाईची चूक नाही बाई,” सोपानराव म्हणाले. “तुमच्या दिराचं काय, दुकान आहे?”

“किराण्याचं. चांगलं चालतं.”

“अरेरे.”

“अहो, पण व्यापार शिकायला व्यापाऱ्याचाच मुलगा येणार ना?”

“आला होता. गेल्या साली एका अडत्याचा मुलगा भरती करून घेतला. प्राध्यापकांनी फळ्यावर मागणी-पुरवठ्याची रेघ काढली, तर हा उठून म्हणतो, सर, चाकणला कांदा असा उतरत नाही. प्राध्यापक आठ दिवस रजेवर गेले. रेघ अजून पुसलेली नाही. म्हणून नियम केला. ज्याला येतं त्याला शिकवायचं म्हणजे शिक्षणाचा अपमान आहे.”

सुमन बी.ए. होती, शिक्षणाचा अपमान हे शब्द कानावर पडताच ती नरमली.

“मग दुकान बंद केलं तर चालेल?”

“चालेल की. शिवाय उमेदवाराला व्यापारातलं काही कळत नाही, असा एका शेजाऱ्याचा लेखी दाखला लागेल.”

गोजाबाई म्हणाल्या, “त्यो शिकू दे, मी बसते दुकानात.” परंतु एकत्र कुटुंबात त्याही मोडत होत्या. बाजारगल्लीतल्या दुकानाला फळ्या लागल्या. सकाळी पिशवी घेऊन आलेल्या दुर्गाबाईंनी बंद दार बघून पदर तोंडाला लावला.

“अगं बाई, कोण गेलं गं?” त्यांनी गल्लीतल्या एका बाईला विचारलं.

“कुणी गेलं नाही मावशी. ज्योतीराम कॉलेजात गेला.”

“असं होय,” दुर्गाबाई म्हणाल्या. पण पदर त्यांनी जरा वेळ तसाच ठेवला.

दाखल्यासाठी सुमन दुकानाशेजारच्या सायकलवाल्या रहिमानभाईंकडे गेली. रहिमानभाई पंक्चर काढत होते. त्यांनी हात पुसले, कागद घेतला, मजकूर ऐकला, आणि कागद परत केला.

“ज्योतीरामला धंद्यातलं कळत नाही असं मी लिहू? तौबा! ताई, सगळी पिंपरी मला हसेल. ट्यूबमध्ये हवा भरायचं सोडून हा खोटं भरायला लागला म्हणतील.”

“मग जे खरं आहे ते लिहा,” सुमन हताश होऊन म्हणाली.

रहिमानभाईंनी लिहिलं: ‘ज्योतीरामने दुकान चालवलं, पण माल खपावा म्हणून नाही. ज्याला जे नको ते तो देत नाही. दुसऱ्याच्या दुकानात चांगलं मिळत असेल तर तिकडे पाठवतो. माणूस मोठा नेक आहे.’

सोपानरावांनी तो कागद दोनदा वाचला आणि त्यावर आनंदाने शिक्का मारला. “व्यापाराचं इतकं संपूर्ण अज्ञान या कचेरीत आजवर आलेलं नाही,” ते म्हणाले.

राहिली तोंडी परीक्षा. ती स्वतः प्राचार्य रंगराव घेत. रंगरावांनी जन्मात कधी भाजीची जुडीदेखील विकत आणली नव्हती. ते काम घरातून होई. त्यामुळे त्यांची या विषयातली दृष्टी निखळ राहिली होती.

“समजा, एक ग्राहक आला,” रंगराव म्हणाले. “त्याला साखर हवी आहे. तुम्ही प्रथम काय कराल?”

“कोण आलंय ते बघीन.”

“कोणी का असेना.”

“असं कसं, सर? आमच्या गल्लीतली म्हातारी गोदा असंल तर साखर देणार न्हाई. डाक्टरनं बंद केलीय तिची. ती सुनेची नजर चुकवून येती.”

“आणि दुसरा कोणी असेल तर?”

“आदली साखर परवाच नेली असंल तर इचारीन, पावणे आलेत काय. आले असतील तर चहापत्ती पण बांधीन. ती न्यायची हमखास विसरलेली असती.”

रंगरावांनी शेरा लिहिला: ‘ग्राहक व माणूस यांतील भेद ठाऊक नाही. पूर्णतः पूर्वग्रहमुक्त. प्रवेश द्यावा.’

अभ्यासक्रम चार वर्षांचा होता आणि तो अत्यंत शास्त्रशुद्ध पायावर रचलेला होता. पहिल्या वर्षी ‘वस्तू’ हा विषय. वस्तू म्हणजे काय, हे जूनपासून दिवाळीपर्यंत. वस्तू काय नव्हे, हे दिवाळीपासून परीक्षेपर्यंत. दुसऱ्या, म्हणजे इंटरच्या वर्षी ‘ग्राहक’. ग्राहकाची आकृती फळ्यावर काढलेली असे, डोकं गोल आणि पोट चौकोनी. गोलात इच्छा असे, चौकोनात ऐपत. तोंड काढलेलं नव्हतं, कारण तोंड सीनिअरच्या, म्हणजे चौथ्या वर्षाला होतं.

इंटरच्याच वर्षाला ‘वेष्टनशास्त्र’ असा अर्धा पेपर होता, आणि त्यात पुडी बांधण्याचं प्रात्यक्षिक. पुस्तकात पुडीच्या चौदा पायऱ्या दिल्या होत्या. पहिली पायरी ‘कागदाची निवड’, दुसरी ‘निवडलेल्या कागदाचे निरीक्षण’, आणि अशा क्रमाने चौदावी ‘सुपूर्दगी’. परीक्षकांनी घंटा वाजवली आणि ‘पायरी १’ असं लिहायला मान खाली घातली. मान वर केली तर ज्योतीरामची पुडी बांधून त्यांच्या पुढ्यात ठेवलेली होती. परीक्षकांनी पुडी उलटीपालटी केली, हलवून पाहिली, वास घेतला. मग त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: ‘एकही पायरी आढळली नाही. अनुत्तीर्ण.’

ज्योतीराम हसत हसत घरी आला आणि हे सांगू लागला. सुमनला हसू आलं नाही. तिच्या माहेरी आजवर कोणी नापास झालेलं नव्हतं.

“फेरपरीक्षा कधी आहे?”

“तीन आठवड्यानं.”

तीन आठवडे ती दिराला रोज दुपारी ओट्यावर घेऊन बसली. समोर पुस्तक, मांडीवर बेबी.

“कागद घ्या. थांबा, भाऊजी! आता कागदाकडे बघा.”

“बघितलं.”

“नुसतं बघायचं नाही, निरीक्षण करायचं. मनात पाच आकडे मोजा. आता डावा कोपरा दोन बोटांत धरा. कोणत्या दोन बोटांत?”

“ज्या दोन बोटांत बसंल त्या.”

“पुस्तकात तर्जनी आणि अंगठा आहे.”

“माझा कोपरा मधल्या बोटात बसतोय वहिनी, लहानपणापासनं.”

“तर मग बसवू नका.”

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी, सहाव्या पायरीवर, ज्योतीरामचा हात जन्मात पहिल्यांदा अडखळला. दोरा सुटला आणि तांदूळ ओट्यावर सांडले. सुमनने टाळी वाजवली. बेबीनेही वाजवली. गोजाबाई दारात उभ्या होत्या. त्या सूप आणायला आत गेल्या.

फेरपरीक्षेत ज्योतीरामला पन्नासपैकी त्रेचाळीस गुण मिळाले. पुडी घरी आणताना वाटेतच फुटली, पण फुटण्याला गुण नव्हते.

तिसरं वर्ष ज्युनिअरचं. त्याच्या प्रवेशासाठी एकच कागद लागत होता: ‘उमेदवाराचे स्वतःचे चालते दुकान असल्याचा दाखला.’

सुमन कचेरीत गेली तेव्हा सोपानराव पहिल्या टेबलाशी बसले होते.

“अहो, दुकान तर तुम्हीच बंद करायला लावलंत!”

“लावलं ना. आणि ते अगदी योग्य केलंत बाई, पहिल्या वर्षाच्या दृष्टीने. पण ज्युनिअरचं काम या टेबलाकडे येत नाही. ते त्या टेबलाकडे.”

“तिथे तर कोणी नाही.”

“येतील,” असं म्हणून सोपानराव उठले, टोपी नीट केली, पलीकडच्या टेबलाशी जाऊन बसले आणि म्हणाले, “या. नाव काय आपलं?”

“सोपानराव, मी सुमन. आत्ता तर तुमच्याशी…”

“ते त्या टेबलावर. इथे पहिल्यापासून सांगावं लागेल.”

सुमनने पहिल्यापासून सांगितलं. सोपानरावांनी सहानुभूतीने मान हलवली. “असं दुकान बंद करायला कोणी सांगितलं तुम्हाला? काय लोक असतात! व्यापार शिकणाऱ्याचं दुकान बंद? उघडा आधी. मात्र आता ते साधं दुकान राहणार नाही. प्रात्यक्षिक केंद्र म्हणून चालवावं लागेल, पुस्तकाप्रमाणे. तपासनीस येतात.”

दोन वर्षांनी बाजारगल्लीतल्या फळ्या निघाल्या. दुर्गाबाई पहिल्या आल्या.

“बरं झालं बाबा, उघडलंस. छटाकभर हळद दे.”

ज्योतीरामने गल्ल्यावरून एक कागद पुढे केला. “मावशी, हा नमुना भरावा लागंल. ग्राहक म्हणजे ज्याला गरज हाय, ऐपत हाय अन् इच्छा हाय असा इसम. तिन्ही सिद्ध झाल्यावर हळद.”

“इसम? अरे मेल्या, तुझ्या बारशाला या हातानं घुगऱ्या वाटल्यात मी!”

“खरं हाय मावशी. पण ह्यात तो रकाना न्हाई.”

दुर्गाबाईंनी अंगठा उठवला. हळद बांधून व्हायला चौदा पायऱ्या लागल्या, आणि बाराव्या पायरीला मागे सात बायका उभ्या होत्या. आठवड्याभरात मागे कोणी उभं राहिनासं झालं. लोक पिंपरीच्या निर्वासित कॅम्पातल्या दुकानांत जाऊ लागले. रहिमानभाई तेवढे शेजारधर्म म्हणून येत राहिले.

“भावा, चहापत्ती दे.”

“गरज?”

“चहा प्यायचाय.”

“ऐपत?”

“आहे तुझ्या कृपेने.”

“इच्छा?”

“होती राव,” रहिमानभाई म्हणाले. “आता या कागदावर काय लिहू, तूच सांग.”

हे सगळं सुमनच्या कानावर येत होतं. पण काळजी करणाऱ्या माणसाचं एक असतं, की काळजी ज्या दिशेला लावून ठेवली असेल त्याच दिशेला ती बघते. सुमनची नजर पदवीवर होती. चालत्या गोष्टीत थोडी अडचण व्हायचीच, असं ती अर्जुनरावांना जेवताना सांगायची, आणि अर्जुनराव शिफ्टच्या घाईत हो म्हणायचे.

त्या वर्षीच्या थंडीत बेबी खोकू लागली. ती आता तीन वर्षांची होती. सुमनने तिला शालीत गुंडाळलं आणि भर दुपारी दुकान गाठलं.

“भाऊजी, ज्येष्ठमध आणि खडीसाखर द्या बघू. रात्रभर खोकतेय.”

एरवी ज्योतीरामने आधी बेबीकडे बघितलं असतं. तिच्या डोळ्यांकडे बघून, कानाला हात लावून, ‘वहिनी, ज्येष्ठमधाचं काम न्हाई हे, डाक्टरकडं न्या’ असं काहीतरी तो बोलला असता, आणि ते बरोबर निघालं असतं. त्याने कागद पुढे केला. सुमनने तो भरला, कारण तीच तर होती त्याला शिकवणारी. बेबीने काकाकडे हात पसरला.

“हात कशाला करतीय ती?” ज्योतीराम म्हणाला.

“गुळाचा खडा मागतेय. तुम्हीच सवय लावलीत.”

ज्योतीरामने पुस्तक उघडलं, पान शोधलं. “तो ‘मोबदल्याविना हस्तांतरण’मधे येतो, वहिनी. तपासनिसांनी बघितलं तर केंद्र रद्द व्हईल.” मग त्याने ज्येष्ठमधासाठी कागदाची निवड केली. निवडलेल्या कागदाचं निरीक्षण केलं. सुमन उभी राहिली. पाचव्या पायरीला बेबी खोकली. सातव्या पायरीला तिने मान टाकली. सुमनने शालीतून हात घातला तर अंग निखाऱ्यासारखं.

“भाऊजी, बघा हो हिच्याकडे!”

ज्योतीरामने बघितलं. अगदी निरखून, मनात पाच आकडे मोजून बघितलं. आणि मग तो म्हणाला, “काय झालंय, वहिनी?”

त्याने मस्करी केली नव्हती. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

डॉक्टर चांगला निघाला, बेबी पंधरवड्यात बरी झाली. सुमन मात्र सोळाव्या दिवशी चिंचवडला कचेरीत उभी होती. या वेळी ती दोन्ही टेबलांच्या बरोबर मधे उभी राहिली.

“नाव काढून टाका माझ्या दिराचं. नको आम्हाला पदवी.”

“नाव काढता येतं,” सोपानराव म्हणाले. “उमेदवाराचा अर्ज आणा. पण एक आहे. शिक्षण सोडणं हा निर्णय झाला, हो की नाही?”

“झाला.”

“आणि ‘निर्णय कसा घ्यावा’ हा विषय सीनिअरच्या दुसऱ्या सत्रात आहे. तो उत्तीर्ण होण्याआधी विद्यार्थ्याने घेतलेला निर्णय विद्यापीठ कसा मानणार?”

“म्हणजे सोडायचं असेल तर आधी पूर्ण करावं लागेल?”

“पूर्ण केल्यावर मग खुशाल सोडा,” सोपानराव म्हणाले. “काही हरकत नाही.”

ज्योतीरामला विचारावं, तर त्याने अर्जाला नकार दिला. “एवढं केलंय वहिनी, आता पुरं करू. तुमचीच तर इच्छा होती.” आणि तो पुस्तकात बोट घालून अंगणात फेऱ्या मारू लागला.

सीनिअरच्या परीक्षेला बाहेरून तीन तपासनीस आले. त्यांनी दुकान बघितलं. डबे भरलेले, पोती शिवलेली, तराजूला धूळ. गर्दी नाही, गोंगाट नाही, सांडलवंड नाही, भरलेल्या मालातला दाणा कमी झालेला नाही. ‘इतके नीटनेटके दुकान आम्ही पाहिलेले नाही,’ असा त्यांनी शेरा दिला. एप्रिल १९५९ मध्ये ज्योतीराम बी.कॉम. झाला, महाविद्यालयात पहिला आला, आणि रंगरावांनी त्याच्या गळ्यात हार घालून सांगितलं की, चार वर्षांपूर्वी हा तरुण आला तेव्हा याला साखर द्यायची की नाही हेदेखील ठरवता येत नव्हतं.

घरी आल्यावर सुमनने पदवी भिंतीवर लावली. खिळा ठोकताना तिला वाटलं, संपलं एकदाचं.

“भाऊजी, आता घेतला ना दाखला? आता उघडा दुकान. ते कागदबिगद फेकून द्या आणि अगदी पहिल्यासारखं चालवा.”

ज्योतीरामने आपल्या हातांकडे बघितलं. त्याने डावा कोपरा धरल्यासारखी बोटं केली. आधी मधलं बोट, मग तर्जनी, मग पुन्हा मधलं.

“पहिल्यासारखं म्हणजे कसं, वहिनी?” त्याने विचारलं. “तुम्ही बघितलंय. तुम्ही सांगा. मी लिहून घेतो.”

त्याने खिशातलं पेन काढलं होतं. सुमनने तोंड उघडलं. चप्पल वाजली की कळतं, हे कसं सांगायचं? कोणती पायरी आधी? तिने बी.ए.ला चार वर्षं काढली होती आणि तिला त्यातली एकही पायरी सांगता येईना.

त्याच महिन्यात महाविद्यालयाने ज्योतीरामला ‘ग्राहक’ या विषयाचा व्याख्याता नेमलं. व्याख्यात्याने दुकान ठेवायचं नाही असा नियम होता, आणि तो आता पाळणं सोपं होतं. बाजारगल्लीतली जागा महाविद्यालयानेच घेतली. तिथे प्रवेश विभाग उघडला. माहितीपत्रकं आणि नमुने ठेवायला तांदळाचे डबे कामी आले. पहिल्याच सोमवारी रांग लागली. गल्लीने त्या पायरीवर एवढी गर्दी कधी बघितली नव्हती. कामगारांच्या बायका होत्या, कॅम्पातले दुकानदार होते, आपल्या पोराचा हात धरून खुद्द रहिमानभाई होते.

“काय करणार ताई,” ते ओशाळून म्हणाले. “अकबरला सायकल चांगली जमते. पण उद्या कुणी दाखला विचारला तर?”

सुमन त्यांना काहीतरी सांगणार होती. खूप काही सांगणार होती. पण बोलता बोलता रांग पुढे सरकली, मागच्या बाईने तिच्या पाठीत कोपर खुपसलं, ‘अहो, सरका की’, आणि खिडकीशी पोचल्यावर सोपानरावांनी विचारलं, “किती प्रती?” काळजीचं अंग असलेल्या बाईला अशा वेळी नाही म्हणता येत नाही. बाहेर पडल्यावर तिने बघितलं, तर तिच्या हातात माहितीपत्रकाची एक प्रत होती.

आता सुमनची तुमच्याकडे एक विनंती आहे, आणि ती आत्ताच पार पाडायची आहे. हे वाचणं इथेच ठेवा आणि उठा. तुमच्या घरात कोणीतरी असेल, ज्याला एखादी गोष्ट येते आणि कशी येते हे सांगता येत नाही. धाकटा भाऊ असेल, जाऊ असेल, मुलगी असेल. त्या व्यक्तीच्या खोलीत जाऊन बघून या. ती रोजच्या जागेवर बसलेली आहे का, हात नेहमीसारखे चालतायत का, एवढंच बघा. आणि तिच्या शेजारी एखादा छापील कागद दिसला, तर तो तिला कोणी आणून दिला, हे मात्र तिला विचारू नका. उगाच तुमच्याकडे बघेल.